न मारलेलं ग्रीस

आमच्या धंद्यात मशीनचं भाडं तासावर लागतं आणि तास मोजतो मीटर. इंजिन चालू तर मीटर चालू. ग्रीस मारायचं असतं इंजिन बंद करून, बूम आणि बकेट जमिनीला टेकवून. त्यामुळे सकाळचा जो अर्धा-पाऊण तास सगळ्यात मळका आणि कंबर मोडणारा, तो कोणाच्याच हिशोबात येत नाही. गिऱ्हाईक त्याचा पैसा देत नाही, ऑपरेटरच्या भत्त्यात तो धरलेला नसतो, आणि ग्रीस मारलं म्हणून त्या दिवशी मशीन जास्त खोदतं असंही नाही. ग्रीस मारलेलं एक जेसीबी आणि न मारलेलं एक, दोन्ही एकाच शेतात सोडा. संध्याकाळपर्यंत चारी सारखीच निघेल. फरक दिसायला महिने जातात. आणि दिसतो तेव्हा ज्याने ग्रीस मारलं नाही तो बहुतेक दुसऱ्या मालकाकडे कामाला लागलेला असतो.

माझं आवार धुळ्याला, अवधान एमआयडीसीच्या अंगाला. दोन जेसीबी, एक पोकलेन, एक जुना टिपर. कामं शेततळ्यांची, विहिरींच्या गाळाची, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाइपलाइनच्या चाऱ्यांची, आणि रस्त्याचं काम निघालं की भरावाची. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे आमच्यासारख्यांची चूल कधी विझली नाही. डिप्लोमा मेकॅनिकलचा केला, पण घर मामांचं, आणि मामा अमळनेरचे संस्कृतचे मास्तर. म्हणून डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र पडून असतात. कोणी म्हणेल ग्रीसमध्ये वेदान्त कशाला कालवता. पण मला वेदान्त समजला तेवढा ग्रीसमुळेच.

मागे एका जेसीबीचा मागचा हात डुलायला लागला. बकेट वीतभर उचलायला लावली आणि पहारेने बाजूला रेटली, तर टक्क करून आवाज आला. प्ले आला होता, तोही चांगला बोटभर. पिन ठोकून बाहेर काढली. एका अंगाने ती जांभळट काळी पडलेली, आणि त्यावरून बोट फिरवलं तर मध्येच पायरी लागत होती. बुशच्या आतल्या ग्रीसच्या खाचा घासून सपाट. तिथे जे भरलेलं होतं ते ग्रीस नव्हतं. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. त्यातलं तेल केव्हाच उडून गेलेलं आणि मागे राहिलेल्या साबणात काळी माती नि मुरमाची कच मिसळून तयार झालेला लगदा. दोन बोटांत चोळला तर खरखर वाजला. पॉलिश पेपरचं काम तो महिनोन्‌महिने करत होता. नवी पिन, नवे बुश, भोक वेल्डिंगने भरून पुन्हा लाइन बोरिंग, वर मशीन उभं राहिल्याचं नुकसान वेगळं.

ऑपरेटर साक्रीकडचा, हाताने चांगला, तोंडाने अहिराणी. त्याला विचारलं तर तो अगदी मनापासून म्हणाला, “नाना, मी काहीच करं नही.” मशीन कुठे आपटलं नाही, खडकात घातलं नाही, दारू पिऊन चालवलं नाही. काहीच केलं नाही. मला हसू आलं आणि रागही, कारण माझी तक्रार नेमकी तीच होती.

तेव्हा मामा होते. पुढच्या खेपेला अमळनेरला गेलो तेव्हा त्यांना हे सांगितलं. मामा संध्येचं पात्र पुसत होते. म्हणाले, “भाचेबुवा, तुमचा ड्रायव्हर शंकराचार्यांच्या पक्षाचा आहे. त्याला काढू नका.”

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी कर्माचे भाग पाडले: काम्य, नैमित्तिक, नित्य. काही हवं म्हणून करायचं ते काम्य. मशीन विकायला काढताना त्यावर पिवळा रंग मारून टायर काळे करतात ते शुद्ध काम्यकर्म. काही निमित्त झालं म्हणून करायचं ते नैमित्तिक. खंडेनवमीला बकेटच्या दातांना झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. ते आमचं नैमित्तिक, आणि ते करायला कोणाला सांगावं लागत नाही. उलट त्या दिवशी ऑपरेटर अंघोळ करून, बायकोपोरांना घेऊन येतात. राहिलं नित्य. सकाळ-संध्याकाळची संध्या. ती केली म्हणून पुत्र होत नाही, पाऊस पडत नाही, स्वर्गाचंही कोणी नाव घेत नाही. पण केली नाही तर प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. केल्याचं फळ नाही, न केल्याची शिक्षा आहे.

ग्रीस मारणं याहून चांगलं कुठल्या व्याख्येत बसेल? कंपनीच्या पुस्तकात मागच्या हाताच्या पिनांना दर दहा तासांनी ग्रीस मारा असं लिहिलेलं असतं. का, ते लिहिलेलं नसतं. विधी आहे, एवढंच.

मीमांसकांतही यावरून दोन तट आहेत. प्रभाकराच्या बाजूचे म्हणतात, वेदाने सांगितलं म्हणून करायचं. फळ विचारणंच चूक. कुमारिल भट्टांच्या बाजूचे म्हणतात, काही हेतू नसेल तर मूर्खही हात हलवत नाही. नित्यकर्माचंही फळ आहे, आधी साचलेलं पाप त्याने झडतं. ग्रीसच्या बाबतीत मी भाट्ट. निपलला गन लावून दाबलं की पिनच्या कडेने आधी काळं बाहेर येतं, मग करडं, मग आपण आत्ता भरलेलं स्वच्छ तांबूस किंवा निळं. ती स्वच्छ कड दिसेपर्यंत दाबायचं. साचलेलं पाप बाहेर पडताना डोळ्यांनी पाहता येतं अशी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही. आणि ती बाहेर आलेली कड पुसायची नाही. ती तिथे राहिली तर बाहेरची धूळ आत जायला अडते. नवे पोरगे चकाचक दिसावं म्हणून कॉटन वेस्टने ती पुसून काढतात आणि मला ओरडावं लागतं.

पण शंकराचार्यांनी गीताभाष्यात या सगळ्या मांडणीलाच सुरुंग लावला आहे. ते विचारतात, न करणं म्हणजे अभाव. अभावातून दोषासारखी खरीखुरी वस्तू निर्माण होईल कशी? जे नाहीच, ते कोणाचं कारण कसं होईल? तैत्तिरीयाच्या भाष्यात तर ते आणखी पुढे जातात: नित्यकर्म न करणं हे पापाचं कारण नाही, लक्षण आहे. आधीचं काहीतरी साचलेलं आहे हे त्यावरून ओळखावं, इतकंच.

मेकॅनिक म्हणून मला हे पटावं लागतं. पिन कशाने झिजली? “ग्रीस नव्हतं” याने झिजली असं आपण बोलतो, पण “नव्हतं” हे काही पोलादाला घासत नाही. घासली ती कचीने, दाबाने, वजनाने. न्यायालयात उभं केलं तर न मारलेल्या ग्रीसवर गुन्हा शाबीत होणार नाही. ऑपरेटर सुटला. आणि लक्षणाचंही बरोबर. तो ग्रीस का मारत नव्हता हे शोधायला गेलो तर निघालं की गिऱ्हाईक सकाळी सहाला शेतात उभं राहून घाई करतं, हातगनचा होज गळतो, आणि मागचा हात ज्यावर वळतो त्या किंगपोस्टच्या आतल्या निपलला दोन हातांनी दांडा मारायला जागाच नाही; एक हात गनवर, एक दांड्यावर, मग कपलर निपलवर धरून ठेवायला तिसरा हात कोणाचा? साचलेलं होतं ते हे.

तरीही मन म्हणत होतं की कुठेतरी पळवाट राहतेय. आणि याचं उत्तर मला त्याच गावात मिळालं.

अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापडगिरणीच्या मालकाने, खानदेशातल्या तालुक्याच्या गावी, देशभरचे विद्वान आणून बसवायचे आणि त्यांनी फक्त विचार करायचा, अशी ती संस्था. साने गुरुजी शाळेत शिकवायला लागण्याआधी तिथे राहून गेले. घनश्यामदास मलकानी तिथे अनेक वर्षं होते. याच मलकानींनी रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासोबत १९३३ साली एक पुस्तक काढलं, नाव ‘अज्ञान’. अख्खं पुस्तक अज्ञानावर! मामा ते मोठ्या अभिमानाने सांगत, जणू गावच्या पोरांनी काढलं असावं. त्यातला प्रश्न अद्वैताचा जुनाच आहे: अज्ञान म्हणजे नुसतं ज्ञान नसणं, की अज्ञान हीच एक काहीतरी वस्तू? अद्वैत्यांची परंपरा ठासून सांगते की अज्ञान भावरूप आहे. तो नुसता रिकामेपणा नव्हे. ते झाकतं, आणि झाकलेल्या जागी दुसरंच काही उभं करतं. दोरी दिसत नाही एवढ्यावर कोणी घाबरत नाही; साप दिसतो म्हणून घाबरतो.

मला वाटतं, न करण्याचंही असंच आहे. न मारलेलं ग्रीस ही रिकामी जागा कधीच नसते. पिन आणि बुशमधली फट केसाएवढी. पण तिथे तेल नसेल तर कच असते, पाणी असतं, गंज असतो. जागा भरलेलीच असते, आपण काय भरलं एवढाच प्रश्न. आणि ऑपरेटरच्या बाजूनेही तेच. तो सकाळी ‘काहीच न करता’ बसलेला नसतो. तो चहा पीत असतो, मोबाइल पाहत असतो, आणि मुख्य म्हणजे मनात ‘काल तर मारलं होतं’ असं काहीतरी धरून असतो. हे ‘काल मारलं होतं’ म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हे. ती चांगली गुबगुबीत, हातपाय असलेली समजूत आहे. तिच्यावर दोष ठेवता येतो. शंकराचार्यांचा नियम मोडत नाही, अभावातून काही निघत नाही हे कबूल. पण माणसाच्या कामात आणि मशीनच्या सांध्यात निव्वळ अभाव सापडतो कुठे? मामांना हे बोललो तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मलकानींना विचारायला हवं होतं.” मास्तर माणसाकडून यापेक्षा जास्त दाद मिळत नाही.

यानंतर बॅटरीवरच्या ग्रीस गनची गोष्ट आली. म्हणजे दुखणं कळलं, आता तिसऱ्या हाताची सोय करायची.

जळगावच्या दुकानात विचारलं की पहिला आकडा ऐकवतात तो दाबाचा: दहा हजार पीएसआय. माकिटा घ्या, डीवॉल्ट घ्या, १८ व्होल्टच्या चांगल्या गनांवर बहुतेक हाच आकडा छापलेला असतो, त्यामुळे त्यावरून निवडायचं काही उरत नाही. मी पाहतो ते वेगळं. होज किती लांब. चार फुटांच्या आत असेल तर मशीनखाली वाकावंच लागतं आणि मग गन घेऊन फायदा काय. कपलर निपलला पकडून बसणारं, खटक्याने सुटणारं आहे का; खरा तिसरा हात तोच, मोटर नव्हे. वेग दोन आहेत का. किती ग्रॅम गेलं ते दाखवते का. बॅटरी आपल्या ग्राइंडर आणि इम्पॅक्टलाही चालते का, नाहीतर आवारात चार चार्जर आणि एकही भरलेली बॅटरी नाही अशी गत होते. सर्व्हिस जळगाव-नाशिकला होते की पुण्याला पाठवावी लागते. वजन ग्रीससकट सहा किलोच्या आसपास असतं, त्याला पट्टा हवा. आणि सीलबंद ४०० ग्रॅमच्या नळकांड्यांबरोबर सुटं ग्रीसही भरता येतं का, कारण आमच्याकडे ग्रीस बादलीतूनच येतं. त्या बादलीचं झाकण नीट बसतं का हे मी गनच्या कंपनीपेक्षा जास्त महत्त्वाचं मानतो. उघड्या बादलीत मेच्या वावटळीतली धूळ पडली की महागडी गन तीच धूळ दहा हजारांच्या दाबाने बुशमध्ये भरते.

ही गन आणली तेव्हा माझ्या मनात खरा संशय निराळा होता, आणि तो धुळ्याच्या तुरुंगातून आलेला. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून, रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आमच्या गावाचं नाव जगात गेलं ते त्या पुस्तकामुळे. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा विकर्माचा एक खास अर्थ लावतात: बाहेरून हाताने चाललेलं ते कर्म, आणि त्याच्या जोडीला आतून मनाने चाललेलं ते विकर्म. दोन्ही एकत्र आले की कर्माचं ओझं उरत नाही. आता हातगनमध्ये हे आपोआप होत असे. एका दांड्याला साधारण एक ग्रॅम ग्रीस. पहिले दोन-चार दांडे हलके जातात, मग हाताला जडपणा येतो, मग पिनच्या कडेला ग्रीस फुगतं. निपल तुंबलं असेल तर दांडा दगडासारखा अडतो. हाताला कळतं. मोटरच्या गनला घोडा दाबला की झालं. ती मोकळ्या तोंडाने मिनिटाला पावशेर ग्रीस ओकू शकते आणि आत काय चाललंय याचा पत्ता बोटाला लागत नाही. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचं किंवा बेअरिंगचं सील असंच फाटतं. म्हणजे कर्म सोपं झालं आणि विकर्म गेलं, असं तर नाही?

काही दिवस मला तसंच वाटत होतं. मग ऑपरेटरकडे पाहिलं. तो आता कानाने ग्रीस मारतो. मोटरचा आवाज खाली बसला की तो घोडा सोडतो, कड पाहतो, पुन्हा हळू वेगावर थोडं. हाताचा कान झाला. विनोबा स्वतः सूत कातणारे, यंत्राबद्दल साशंक, त्यांना हे किती रुचलं असतं कोण जाणे. मला मात्र मीमांसेत याचा आधार मिळाला, आणि मामा गेल्यावर त्यांच्या वह्या चाळताना मिळाला याचं थोडं वाईट वाटतं.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञाला सांगितलेलं द्रव्य मिळालं नाही तर बदली द्रव्य चालेल का? भात नसेल तर देवभात, सोम नसेल तर पूतिका. नित्यकर्मात हे चालतं. कारण काम्य कर्म सगळ्या अंगांसह जमत नसेल तर करूच नका, कोणी बोलावलं नव्हतं; पण नित्य सोडता येत नाही, म्हणून ते यथाशक्ती करावं, जमेल तितक्या अंगांनी. अट एक: बदली वस्तू मूळ वस्तूशी मिळतीजुळती हवी. हे वाचलं आणि मला आमचं ग्रीसचं कपाट आठवलं. लिथियमच्या ग्रीसवर लिथियम कॉम्प्लेक्स बहुधा खपून जातं. पॉलियुरियाचं किंवा मातीने घट्ट केलेलं ग्रीस त्यात घातलं तर दोन्ही फाटून तेल सुटतं आणि पिन कोरडी. काळं दिसतं म्हणून मोलिब्डेनमवालं, आणि काळं दिसतं म्हणून मळलेलं, यातला फरक न कळणारेही पुष्कळ. एपी थ्री सगळीकडे मिळतं, पण दणके खाणाऱ्या पिनांना ईपी टूच बरं. ग्रेड बदलायची तर आधी जुनं पूर्ण बाहेर काढा. सादृश्य म्हणतात ते हेच.

पण त्याच ठिकाणी जैमिनी एक रेघ ओढतात. द्रव्य बदला, पण देवता, अग्नी, मंत्र यांना प्रतिनिधी नाही. आणि स्वामीला, म्हणजे ज्याचा यज्ञ आहे त्याला, प्रतिनिधी नाही. माझा संशय तिथे फिटला. दांड्याच्या जागी मोटर आली, भाताच्या जागी देवभात आला. चालेल. स्वामी बदलला नाही. मोठ्या खाणींच्या मशीनांवर आता आपोआप ग्रीस सोडणारी यंत्रणा असते. टाकी, पंप, टायमर आणि प्रत्येक पिनला एक नळी. चांगली आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण एक नळी दगडाने तुटली की टायमर म्हणत राहतो ‘दिलं, दिलं’ आणि पिन उपाशी. रोज एकदा कोणीतरी फिरून पाहायला हवंच. तिथेही स्वामीची सुटका नाही.

आता गनचीच सेवा. खानदेशात हा विषय उन्हाळ्यापासून सुरू होतो. मेमध्ये जळगाव-भुसावळ पंचेचाळिशी ओलांडतात, टिपरच्या केबिनमध्ये तर हात लावता येत नाही. लिथियम बॅटरी चाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये. तापलेली बॅटरी चार्जरवर ठेवली तर चांगला चार्जर नुसता दिवा मिचकावत बसतो आणि पोरं म्हणतात चार्जर बिघडला. बिघडलेला नसतो, शहाणा असतो. बॅटरी रात्री घरात चार्ज करायची, दिवसा पाण्याच्या जारच्या सावलीत. पावसाळ्यात मशीन महिना-दीड महिना उभं असतं तेव्हा बॅटरी अर्धी भरून ठेवायची, पूर्ण रिकामी कधीच नाही. नवं ग्रीस भरलं की आत हवेचा फुगा राहतो आणि मोटर फिरते पण ग्रीस येत नाही. एअर काढायचा स्क्रू सैल करून, दांडी मागे ओढून, थोडं ग्रीस वाया जाऊ द्यायचं. कपलरचे जबडे झिजतात, ते वर्ष-सहा महिन्यांनी बदलायचे, गळणाऱ्या कपलरला चिंधी गुंडाळून चालवायचं नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो, तिथे तत्त्वज्ञान बाजूला. होज कधीही उघड्या रबरावर धरायचा नाही, स्प्रिंगच्या कव्हरवर धरायचा. जुन्या होजला टाचणीएवढं भोक पडलं तर ग्रीस त्यातून कातडी भेदून बोटात शिरतं. दिसतो फक्त लाल ठिपका, पहिल्यांदा फारसं दुखतही नाही, आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. काही तासांत बोट काळंनिळं होऊन हातातून जाऊ शकतं. ठिपका दिसला की हळद नाही, मलम नाही, थेट सर्जन, आणि ‘ग्रीस दाबाने आत गेलंय’ हे शब्द सांगायचे.

साक्रीच्या त्या ऑपरेटरला मी काढलं नाही, मामांचा शब्द होता. एकदा प्रतिनिधीची ही गोष्ट त्याला रंगवून सांगितली. स्वामीला प्रतिनिधी नाही वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं, गनचं नळकांडं पुसलं आणि विचारलं, “मंग नाना, स्वामी कोण? तू का मी?”

त्याचा मुद्दा बिनतोड होता. मशीन माझं, कर्ज माझं, नफा माझा. मीमांसेच्या भाषेत यजमान मी. तो ऋत्विज, कामाला लावलेला. यज्ञाचं फळ यजमानाला, ऋत्विजाला दक्षिणा. आणि या पाऊण तासाची दक्षिणा तर कोणी देतच नव्हतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दक्षिणेविना केलेला यज्ञ तामसात टाकला आहे. तेव्हापासून ग्रीसचा वेळ आमच्याकडे पगारी आहे. मीटर बंद असला तरी पाऊण तास लिहायचा. शेजारचे मालक मला वेडा म्हणतात, आणि माझ्या पिना त्यांच्यापेक्षा जास्त चालतात, पण ते सांगून उपयोग नाही, कारण त्यांना फळ संध्याकाळपर्यंत दिसायला हवं असतं.

आता नवा वाद सुरू आहे. अमावास्येला आमच्याकडे मशीन चालत नाही. गेल्या श्रावणातल्या अमावास्येचा पाऊण तास त्याने वहीत लिहून ठेवला. मी म्हटलं, कंपनीचं पुस्तक तास मोजतं, दिवस नाही. मीटर हलला नाही तर दहा तास भरलेच नाहीत, नित्यकर्म कुठून आलं? तो म्हणाला, चार दिवस पाऊस लागलाय, पाणी पिनेत शिरलंय, ते ढकलून काढायला मी येऊन ग्रीस मारलं, हवं तर कड बघा. मी जाऊन पाहिलं. मागच्या हाताच्या प्रत्येक पिनेला आधी पांढुरक्या पाण्याची साय आणि त्यावर ताजी निळी कड होती. पैसे दिले. पण हे नित्य की नैमित्तिक, हे अजून ठरलेलं नाही, आणि त्याचं म्हणणं आहे की नैमित्तिकाचा दर वेगळा असतो.